डाव्या बाजूची नळी

मी फाटकातून आत आले तेव्हा गॅरेजमधून ग्राइंडरचा आवाज येत होता. मी धावत जाऊन प्लग काढेपर्यंत माझ्या भावाने एक नळी कापून टाकली होती.

"अगं, सांगून तरी थांबवायचं," एड्रियन म्हणाला. त्याच्या डोळ्यांवर बाबांचा वेल्डिंगचा चष्मा होता.

"काय चाललंय हे?"

"चार तुकडे करतोय. कचरा डेपोवर एवढं लांब धूड घेत नाहीत. सोमवारी घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्यात रॉझ, आणि आईच्या नव्या फ्लॅटला गॅरेज नाही. बोल, कुठे ठेवू? दिवाणखान्यात?"

जाड प्लायवूडच्या पाटावर बाबांची गाडी होती. गाडी म्हणजे नुसती चॅसी, चौकोनी लोखंडी नळ्यांचा सांगाडा, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढा. इंजिन नाही, चाकं नाहीत. केटरिंग या आमच्या गावात बाबांसारखे आणखी काही जण अशी गाडी घरी बांधत होते. महिन्यातून एकदा एका पबच्या मागच्या खोलीत त्यांचा क्लब भरायचा. त्या क्लबातले दोघे बाबांच्या अंत्यविधीला आले होते. बाबांचं वेल्डिंग मशीन आता कुणाकडे जाणार, हे त्यांनी सँडविच खाता खाता विचारून घेतलं.

त्या दिवशी बाबांबद्दल भाषण करायला जी बाई बोलावली होती, तिने एड्रियनशी फोनवर बोलून मजकूर तयार केला होता. "लेनर्डना गॅरेजमध्ये खुडबुड करायला आवडायचं," ती म्हणाली आणि लोक प्रेमाने हसले. मी पहिल्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसले होते. खुडबुड. ज्या माणसाने आयुष्यभर शहराची बस चालवली, काचेच्या कप्प्यात एकट्याने बसून अख्ख्या गावाला इकडून तिकडे पोचवलं, त्याने निवृत्तीनंतर स्वतःच्या हातांनी एक गाडी उभी करायला घेतली, तर त्याला हा शब्द. बाबा आधी नळ्यांना वेल्डिंगचे नुसते टाके घालत. मग चारी कोपऱ्यांतून तिरपी मापं घेत. केसभर फरक निघाला तर टाका तोडून पुन्हा बसवत. पक्कं वेल्डिंग सर्वांत शेवटी करायचं, नाहीतर उष्णतेने सांगाडा वाकतो, हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं होतं. ते शेवटचं काम तेवढं राहिलं.

"आणि तसंही ती चुकलेलीच होती," एड्रियन म्हणाला. "हे बघ ना. डावी बाजू उजवीपेक्षा वीतभर खाली. क्लबात हसायचे त्यांना. म्हटलं, चुकलेल्या बाजूनेच सुरुवात करू."

"बाबांचं माप चुकलं असं वाटतं तुला?"

"मग काय आहे ते? तूच सांग."

बाबा मापात चुकत नसत, एवढंच मला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही ठाऊक नसल्याचा मला जास्त संताप आला.

"काय ते भांडण? पलीकडच्या गल्लीत ऐकू जातंय." आई दारात उभी होती, खांद्यावर बशा पुसायचं फडकं. तिची नजर सांगाड्यावर गेली. "ही कापलीस?"

"ती वाकडी होती, आई."

"ती माझी होती."

एड्रियनने चष्मा काढला.

"या गाड्यांना दारं नसतात," आई म्हणाली. "कडेवरून पाय टाकून आत शिरायचं. माझा पाय या कंबरेपायी किती उचलतो, ते लेनने स्वयंपाकघरात मला ओट्याला धरून उभं करून मोजलं. मी म्हटलं, पायाला पडदे शिवतोयस का?"

"मग क्लबात सांगितलं का नाही त्यांनी? हसू दिलं?" एड्रियन म्हणाला.

"पबमध्ये उभं राहून बायकोचं दुखणं सांगणार होता का तो?"

आई घरात गेली आणि जेवणाचं एक मोठं ताट घेऊन परत आली. ते कशासाठी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चॅसी उभी राहिली की बांधणारा तिच्यात बसतो, ताटाचं स्टिअरिंग धरतो आणि तोंडाने गाडीचा आवाज काढतो. सत्तरीचे आजोबाही हे करतात. कबूल कुणी करत नाही.

"मला बोलावलं होतं त्याने," आई म्हणाली. "म्हणाला, ये, बस. मी म्हटलं, चाकं तरी लागू देत."

तिने फडक्याची घडी करून कापलेल्या टोकांवर ठेवली, एक पाय आत टाकला, मग दुसरा. मी हात पुढे केला होता. तिने तो धरला नाही. ती डावीकडे प्लायवूडवर बसली आणि ताट एड्रियनपुढे धरलं.

"बस."

"आई, प्लीज."

"कापायला हात होते ना? मग धरायलाही आहेत."

माझा पन्नाशीचा, पोट सुटलेला भाऊ उजव्या बाजूने आत उतरला आणि गुडघे छातीशी घेऊन ताट धरून बसला.

"आवाज कोण काढणार?" आईने विचारलं.

त्याने काढला. अगदी बारीक, घशातल्या घशात, आणि मध्येच तो तुटला. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती, जसे लोक रस्त्याकडे बघतात. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पुरे." आली तशीच, कुणालाही न धरता, बाहेर पडली.

"माझ्याकडे नेते मी," मी म्हणाले. "अख्खी. तुझ्या व्हॅनमध्ये मावेल."

एड्रियनने मान डोलावली. मी त्याला माफ केलं नव्हतं आणि त्यानेही माफी मागितली नाही. त्याने पुढची बाजू उचलली, मी मागची. गाडी वाटली त्याहून हलकी होती. कापलेल्या जागी ती झुकायला लागली, तसा त्याने फडक्यासकट तिथे हात घातला आणि ते टोक मुठीत धरलं.

आई आमच्या पुढे निघाली. फाटक उघडून ती रस्त्यावर उतरली, बाबा गाडी मागे घेत तेव्हा उतरायची तशीच. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हात हलवून आम्हाला बोलावलं.

"या. अजून. अजून या. रस्ता मोकळा आहे."