न्हाणीतला नेचा

आमचे हे, म्हंजी दादाभाऊ, जन्मभर कांद्याला पाणी भरलेला माणूस. लाईट आली की पाणी, एवढंच त्यांचं शास्त्र. मग ते शेत असू दे न्हाईतर ओसरीवरची कुंडी.

त्या कुंडीत नेचा व्हता. आमची सून आरती आहुप्याची. तिकडं धुक्यानं भिंतीबी पाझरत्यात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघताना पोर डोळं पुसत म्हणली, "आत्या, ह्या घरात माझ्या डोंगरातलं एवढंच हाय. संभाळा." मी शब्द दिला.

पावसाळाभर नेचा गुमान वाढला. दिवाळी सरली, आमच्या पेठ गावची हवा कोरडी पडली, माझ्या टाचा फुटल्या अन् नेच्याची पानं करपली. ह्यांनी तांब्यावर तांबे ओतले. कुंडीत निस्ता चिखल!

"अवो, भात लावताय का काय?"

"पानं वाळल्यात, दिसत न्हाई व्हय तुला?"

मला रडूच आलं. पोरीला आता काय तोंड दाखवू? शेवटी तिलाच फोन लावला.

"माती ओली हाय तवर पाणी तोडा, आत्या," ती म्हणली. "त्याला हवेत ओल पायजे. वाफ असती तिथं ठिवा."

आमच्या घरात वाफ एकाच जागी, न्हाणीत. ह्यांना आंघोळीला पाणी लागतं ते कोंबडं सोलायचं असल्यागत कढत. नेचा नेऊन ठिवला, तर हे बसले अडून.

"सुनेचं झाड हाय ते. त्याच्यापुढं मी उघडा बसू?"

"त्याला काय डोळं हायेत?"

"सासरा हाय मी!"

मग काय, माणूस लुंगी नेसून आंघोळ करायला लागला. हसावं का रडावं! पण नेचा असा फुटला म्हणता, राव! कोवळ्या पानांनी कुंडी झाकून गेली अन् माझा जीव भांड्यात पडला.

एक दिवस सकाळी आरतीचा व्हिडिओ कॉल आला. आहुप्यात रेंज येती ती देवळाच्या ओट्यावर, म्हणून तिच्यामागं व्याही, विहीणबाई अन् निम्मं गाव.

"आत्या, नेचा दाखवा की!"

मी हरखून पळत गेले, न्हाणीचं दार ढकललं अन् फोन पुढं केला.

लुंगीचा नाद ह्यांनी नेमका त्याच दिवशी सोडला व्हता.

"अगं ए भवाने!" म्हणून वरडले, अन् हाताला लागली ती कुंडीच पुढं धरली.

तिकडं ओट्यावर विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मग आरतीचा आवाज आला, हसू दाबून दाबून रडकुंडीला आलेला.

"आत्या... नेचा लई दाट झालाय हो! मागचं काय बी दिसत न्हाई."