टिळा लावणाऱ्या हातातली पांढरी पुली

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची पुली आहे. खेळण्यातली नव्हे हं! कळमेश्वरच्या एका कारखान्यातल्या कारागिरानं, मधुकररावांनी, मला पांढऱ्या नायलॉनच्या दांड्यातून कापलं आणि माझ्या कडेला वीस दात पाडले. त्या दातांत रबरी पट्टा बसतो. मग मोटर फिरली की यंत्राचा हात मोजून तेवढाच सरकतो.

त्यांची लेक पुष्पलता पॉलिटेक्निकात शिकत होती. १९८४ साली नागपुरात यंत्रमानवांची स्पर्धा ठरली. तिच्या यंत्रमानवानं उभ्या पाहुण्यांच्या कपाळी कुंकवाचा टिळा लावायचा होता. पहिल्या येणाऱ्याला एका कारखान्यात नोकरी मिळणार होती.

"लोखंडाची पुली नको बेटा," मधुकरराव म्हणाले. "हात चुकला तर तो कोणाचा डोळा फोडीन. प्लास्टिकचे दात आधी तुटतीन न् हात थांबीन."

चाचणीसाठी त्यांनी बायकोला, देवकीबाईंना, पाटावर बसवलं. "हालू नको वं!" हात खाली आला, कपाळाला कुंकू लागलं आणि त्या लाजून हसल्या. त्या हसण्यापायी त्यांनी बाईंना दहादा तरी बसवलं असेल. मलाही मोठी मजा वाटली, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवसांनी मधुकरराव छातीत कळ येऊन कारखान्यातच गेले. देवकीबाईंचं कपाळ मोकळं झालं. घरात कमावतं कोणी उरलं नाही, आता सगळी भिस्त त्या नोकरीवर होती.

आणि तेव्हाच माझं बिनसलं. पुष्पलता हात उभ्या माणसाच्या उंचीला लावायची, माझा स्क्रू आवळायची, मोटर चालू करायची. हात वर जायचा, थांबायचा आणि सावकाश पाटावर बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या उंचीला उतरायचा. तिथं कोणीच नसायचं. रिकाम्या हवेत बोट टेकवून तो थरथरत राहायचा.

"काहून असं करून राहिला हा?" ती रडकुंडीला यायची.

प्लास्टिकात स्क्रू ढिला होतो, असं तिचे मास्तर म्हणाले. होतो, अगदी खरं आहे. पण माझा स्क्रू ढिला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून देवकीबाई ती धरून यंत्राजवळ खालीच बसल्या होत्या. प्रमुख पाहुणे पुढे आले. हात वर गेला, त्यांच्या कपाळापाशी पोचला, थांबला आणि वळला. पुष्पलतेनं घाबरून विजेची पिन उपटली. पिन तिच्या हातात होती, मित्रांनो, आणि हात तरीही उतरत होता! मी सगळे दात रोवून पट्टा अडवला. माझे दोन दात तुटले. तरी मला कोणीतरी हळूहळू फिरवत होतं.

कुंकवाचं बोट देवकीबाईंच्या कपाळाला टेकलं. मग हात निपचित पडला.

सभागृहात कुजबुज झाली. पुष्पलता ओढणीचं टोक घेऊन धावली.

"पुसू नको वं," देवकीबाई म्हणाल्या. "त्यायचा हात मले ओळखू येते."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. पुष्पलतेनं पुढं शिकवण्या करून घर चालवलं.

आता मी देवकीबाईंच्या डब्यात असते. माझ्या दातांत सांडलेलं कुंकू अजून लाल आहे. मित्रांनो, यंत्रं पुसा, त्यांचे स्क्रू तपासा, त्यांना जपा. मला मात्र धुऊ नका. आणि दिवेलागणीला डब्यातून टकटक ऐकू आली, तर भिऊ नका. झाकण उघडून डबा बाईंपुढं धरा. त्या पाट मांडून बसलेल्या असतात.