मशीनमध्ये शिजलेलं चिकन

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. वाळूच्या साच्यात तापलेलं बीड ओतून मला घडवलं. लग्न होऊन पुण्याला येताना द्वारकाबाईंनी मला भंडाऱ्याच्या बाजारातून घेतलं आणि साडीत गुंडाळून वारज्यापर्यंत आणलं. पहिले आठ दिवस त्यांनी मला नुसतं तेल पाजलं. त्यातून माझ्या अंगावर जो काळा, गुळगुळीत थर चढला, तो त्यांनी वर्षानुवर्षं जपला. "बिडात पाणी ठेवायचं नाही," असं त्यांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं.

रविवार माझा असे. कोंबडीच्या मांडीचेच तुकडे हवेत, छातीचं मांस चोथा होतं, असं द्वारकाबाईंचं ठाम मत. कधी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा काळा रस्सा, कधी लसूण-मिरचीवर परतलेलं सुकं. कधी नुसतं मीठ-हळद लावून वर थाळी झाकायची, थाळीत पाणी ओतायचं आणि वाफेवर शिजवायचं. मांस हाडापासून सुटेपर्यंत त्या जागच्या हलत नसत. त्यांचा मुलगा अनिरुद्ध भाकरीने माझं बूड पुसून खायचा. माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही, असं मी समजून चालले होते.

मग अनिरुद्धची बायको शर्मिला आली, आणि तिच्यामागून एअर फ्रायर आला. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. एका रविवारी शर्मिलाची हिंजवडीच्या ऑफिसातली मैत्रीण दीपाली जेवायला येणार होती. शर्मिलाने दही-मसाला लावलेले मांडीचे मोठे तुकडे मशीनमध्ये भाजले. वरून छान तांबूस झाले होते, पण सुरी घातली तर हाडाशी कच्चे. पोरगी रडकुंडीला आली.

"आण इकडे," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी मला गॅसवर चढवलं, वर पाण्याची थाळी ठेवली. मित्रांनो, मी माझं सगळं कसब पणाला लावलं.

बेल वाजली. द्वारकाबाईंनी तुकडे घाईने ताटात काढले, मला साबणाच्या पाण्याने काठोकाठ भरलं आणि गॅलरीत बादलीमागे ढकललं. तिथूनच मी ऐकलं.

"काकू, इतकं सॉफ्ट? खरंच एअर फ्रायरमध्ये केलंय?"

द्वारकाबाई म्हणाल्या, "मशीनमध्येच. आमच्या शर्मिलाच्या हाताला चव आहे."

सुनेची लाज राखली, हे मला समजतं. पण पाहुणी गेली तरी मला कुणी आत नेलं नाही. चौथ्या दिवशी बादली हलली, तेव्हा माझा थर जागोजाग सुटला होता आणि मी लाल गंजले होते.

"आई, घासून परत तेल लावू या ना हिला?" शर्मिला म्हणाली. शर्मिला, मित्रांनो, द्वारकाबाई नव्हे.

"राहू दे. दीपाली पुन्हा येणार आहे, हिला गॅसवर बघून विचारेल. कुंडीखाली ठेव."

ज्या बाईने मला तेल पाजून मोठं केलं, तिनेच हे सांगितलं. अजूनही ते मला गिळवत नाही.

मित्रांनो, कुणाचं मन राखायला खोटं बोलावं लागलं, तर बोला. पण ज्याच्या जिवावर बोललात, त्याला नंतर निदान तेलाचा हात लावा. आता माझ्या पोटात कढीपत्त्याची कुंडी आहे. कुंडीला पाणी घातलं की ते माझ्यातच साचतं. रविवारी द्वारकाबाई फोडणीसाठी चार पानं खुडायला येतात. खाली न बघता खुडतात आणि आत जातात.