उलटा फेरा

सन बत्तीसचा दसरा. धानोऱ्यातली आमची पिठाची चक्की तेलाच्या इंजिनावर चालायची, आणि त्या इंजिनाची मला भारी भीती. हसा खुशाल!

आमच्या धन्यांनी समजावलं होतं, “आत दट्ट्या शे. तेल पेटनं का तो खाले जास, चाक त्याले परत वर लयस.” धूर जायला बाजूला एक खिडकी. दट्ट्या खाली असला तरच ती उघडी. तिच्यात काजळी साचते.

पूजेआधी ती खरवडायला ते इंजिनामागे बसले, बोटं खिडकीत घातली. चाक हलू नये म्हणून खाली लाकूड ठोकलेलं. इकडे माझ्या सासूबाई, धनुबाई, रांगोळी काढायला आल्या. लाकूड आड आलं, काढून टाकलं! कुंकू लावायला स्वच्छ जागा हवी, म्हणून चाकही पुढे ओढलं.

“माय व! मन्हा बोटं दबाई ग्यात!”

मी झेंडूची टोपली टाकून धावले. वर सरकलेल्या दट्ट्यानं त्यांची बोटं खिडकीच्या कडेला दाबून धरली होती. चाक मागे नेलं की सुटणार, एवढं मला कळत होतं. पण सासूबाई पुढेच ओढत होत्या.

“आत्याबाई, मागे फिरवा! बोटं तुटतीन!”

“जातं उलटं फिरनं का घरना मानूस जास! फेरा पुरा करू दे!”

डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हात पुढेच. लेकाला वाचवायलाच ओढत होती हो ती माउली!

मी चाकाला हात लावून थबकले. जातं उलटं फिरवू नये, हे माझ्याही आईनं शिकवलेलं. खरंच हे गेले तर?

“गजरा...” इंजिनामागून हाक आली. सासूबाईंसमोर त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं.

मी सासूबाईंना खांद्यानं ढकललं आणि चाक मागे ओढलं. बोटं सुटली. काळी, रक्तानं माखलेली, पण हातालाच होती.

सासूबाई जमिनीवर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. “शेवट उलटंच फिरवं ना तू,” एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

अजून इंजिनाचा ठोका एक जरी चुकला, तरी त्या माजघरातून, मी चुलीपासून, दोघी एकदम चक्कीच्या दारात.

“जित्ता शे व, जा!” हे आतून ओरडतात.

तरी हे दिसेपर्यंत आम्ही हलत नाही.