सुईण एनेलेसीचा कर्णा

मी एक जुना लाकडी कर्णा आहे. लग्नात वाजतो तो नव्हे. माझे एक तोंड गर्भार बाईच्या पोटावर टेकतात आणि दुसऱ्याला कान लावतात. आतल्या बाळाचे ठोके मी सुईणीला ऐकवतो.

मित्रांनो, मलावीच्या मोठ्या सरोवराकाठी एका म्हाताऱ्या काताऱ्याने मला घडवले. एकतीस वर्षे मी एनेलेसी सुईणीच्या कमरेला बांधलेला होतो. बायका म्हणत, "एनेलेसीचा कर्णा आला, आता काळजी नाही." पण मला कान लावताना तिचा गाल थरथरायचा, ते फक्त मला ठाऊक होते.

मग फर्मान निघाले. बाळंतपण दवाखान्यातच व्हायला हवे. गावच्या सुईणीने हात लावला तर तिला मुखियापुढे उभे करणार. एनेलेसीने मला मक्याच्या कणगीमागे लपवले. तिथे वाळवी माझ्या कडेपर्यंत आली.

चार वर्षांनी एका सकाळी शेजारची तियांजाने नावाची तरुणी वही घेऊन आली. ती शाळेत शिकवायची. तिला आठवा महिना लागला होता.

"आजी, मला कादंबरी लिहायचीय. गोऱ्यांच्या पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या आपल्या सुइणींवर. माझी नायिका कशालाच घाबरत नाही."

"मग ती सुईण नसेल, भूत असेल," एनेलेसी म्हणाली. "आणि माझं नाव घालू नकोस हं. मुखिया वाचेल."

"मुखिया? तो स्वतःची पत्रंसुद्धा माझ्याकडून वाचून घेतो!"

म्हातारी हसली आणि बोलू लागली. त्या काळी ओझी वाहायला शिपाई पुरुषांना धरून न्यायचे. माणसे सरोवराच्या लव्हाळ्यात लपायची. एनेलेसीची आजी तिथेच, गुडघाभर पाण्यात, बायकांची बाळंतपणे करायची.

"बाळ रडलं नाही तर जीव धोक्यात. रडलं तर शिपायांना ऐकू जाणार. एकदा आजीनं बाळाच्या तोंडावर हात ठेवला, शिपाई निघून जाईपर्यंत."

"मग?"

"पुढचं तिनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

तियांजानेची लेखणी थांबली. मग तिने वहीचे पहिले पान खोडले.

"आजी, कर्णा कसा लावायचीस ते दाखव ना. हे मला नीट लिहायचंय."

एनेलेसीने मला बाहेर काढून पुसले आणि तियांजानेच्या पोटावर टेकवले. मी कान दिला. ठोके मंद होते. मध्येच थांबत होते. मला वाटले, वाळवीने माझे काही बिघडवले. पण एनेलेसीचा गाल गार पडला.

"काय झालं आजी?"

"ऊठ. दवाखान्यात चल. आत्ता."

एका सायकलवाल्याने तियांजानेला मागे बसवले. एनेलेसी दुसऱ्या सायकलवर बसली. तिच्या मुठीत मी घामाने भिजलो.

दवाखान्यातल्या सिस्टरने विचारले, "ठोके मंद झालेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

एनेलेसी गप्प राहिली असती तर सुटली असती. तिने मला टेबलावर ठेवले. "मी ऐकले."

"आजी, नियम ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे गं बाई. आधी तिला बघ!"

दार बंद झाले. आत काय चालले आहे, ते मलाही ऐकू येईना. एनेलेसी पायरीवर बसून नुसती हातावर हात चोळत होती. दुपार कलली तेव्हा सिस्टर बाहेर आली. पोट उघडून बाळ काढले होते. मुलगी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे. जिवंत.

दीड महिन्याने बोलावणे आलेच. मुखियापुढे एनेलेसी खाली मान घालून उभी होती. पाठीला बाळ बांधून तियांजाने शेजारी उभी राहिली. "मीच तिला कर्णा लावायला सांगितला," ती म्हणाली. मुखिया बाळाकडे बघत राहिला. शेवटी त्याने ठरवले, की कर्णा दवाखान्यात जमा करायचा. एनेलेसीने बायकांना तिथवर सोबत करावी, पण पोटाला हात लावू नये.

आमची ताटातूट झाली. आता मी सिस्टरच्या फळीवर असतो. एनेलेसी बायकांना घेऊन येते आणि बाहेर चटईवर बसते. तियांजाने शाळा सुटली की तिच्याजवळ येऊन लिहिते. तिच्या नव्या नायिकेचे हात भीतीने कापतात.

मित्रांनो, मला तेल लावले नाही तरी चालेल, लाकूड टिकते. पण तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, तुम्ही कशाला घाबरला होतात? एनेलेसी आता नावे विसरू लागली आहे.