गळतीखालचे अकरा दिवस

मी एक जुना दगड आहे. किती जुना, हे सांगायला संकोच वाटतो, कारण आकडा ऐकून कोणाचाच विश्वास बसत नाही. पृथ्वी घडत होती तेव्हा मीही घडत होतो, एवढेच म्हणतो. आज मी परभणीच्या एका महाविद्यालयात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर, काचेच्या बरणीत आहे. बरणीवर एक कागद डकवला आहे. त्यावर लिहिले आहे, 'नमुना दूषित. निरुपयोगी.' मित्रांनो, ते शब्द माझ्या वाट्याला कसे आले ते सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे. नीट सांगता येईलच असे नाही. दगडाला बोलायची सवय नसते.

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात एक लहानसा गोल होता. मी त्याच्या पोटातला. त्या पोटात कधी काळी कोमट पाणी झिरपत होते. पुढे ते आटले. माझ्या अंगात थोडी चिकणमाती आणि काजळीसारखे काळे काही मागे राहिले. मग दुसरा एक दगड येऊन आदळला, आमचा गोल फुटला आणि मी एकटा अंधारात भटकू लागलो. ज्या पाण्यात मी वाढलो त्या पाण्यात काही जिवंत होते का, असे तुम्ही विचाराल. पुष्कळ शहाण्या माणसांनाही हेच विचारायचे आहे. एखादा सूक्ष्म जीव दगडाच्या गाभ्यात निजून राहील का, बाहेरच्या जीवघेण्या किरणांपासून वाचेल का, आणि तसाच पृथ्वीवर उतरेल का? खरे सांगू? मला माहीत नाही. तुमच्या पोटात काय काय वस्ती करून आहे हे तुम्हाला तरी कुठे माहीत असते?

हिवाळ्यातल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी पडलो. हवेत शिरताच माझी साल पेटली आणि वितळली. पण ती आग ज्वारीच्या दाण्यापेक्षा खोल गेली नाही. आतला मी तसाच थंड होतो. पेडगावपासून दोन कोसांवर एक वाडी आहे. तिचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या माणसांना बाहेरच्यांची बोलणी आधीच पुष्कळ बसली आहेत. त्या वाडीतल्या मुंजाजी आणि कस्तुराबाई या नवराबायकोच्या तुरीत मी हातभर खोल रुतलो.

"लांब हो! भाजंल!" मुंजाजी बांधावरून ओरडला.

पण कस्तुराबाई तोवर वाकलीही होती. "अवं, थंडगार हाय की ह्यो. माठावानी."

पृथ्वीवर मला लागलेला तो पहिला हात. तिने पदराने माझी माती पुसली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी पुसले नव्हते. मला बरे वाटले, हे लपवत नाही. आणि पहिली चूक तिथेच झाली.

त्यांची मुलगी शिवकन्या परभणीला जीवशास्त्र शिकत होती. कस्तुराबाईने तिला फोन लावला. पोरगी पलीकडून इतकी जोरात बोलली की मलाही ऐकू आले. "माय, त्याला आता हात लावू नगंस! धुऊ बी नगंस. कोऱ्या पिशवीत घाल, तोंड बांध आन् उंचावर ठेव. मी रविवारी येते."

"काय हाय गं त्याच्यात?"

"काय हाय तेच बघायचं हाय. लय मोठी गोष्ट हाय, माय. ऐक माझं."

कस्तुराबाईने ऐकले. नवी पिशवी काढली, मला तिच्यात घातले, सुतळीने तोंड बांधले आणि मला फडताळावर ठेवले. दोन दिवस मी तिथे होतो. माझ्या पृथ्वीवरच्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस, असे आता वाटते.

गुरुवारी बसवंतराव आले. वाडीत त्यांचे किराणा दुकान होते. महादेवाचे मोठे भक्त, लिंगायत घरातले, गळ्यात इष्टलिंग बांधलेले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांच्यामागे निम्मी वाडी होती. अप्पांनी पिशवीतून माझा आकार चाचपला. वितळताना माझी एक बाजू निमुळती झाली होती आणि अंग काळेभोर होते. त्यांचे डोळे भरून आले.

"कस्तुराबाई, देव पिशवीत कोंडतेत का?"

"पोरगी नगं म्हणलीय, अप्पा. रविवारपस्तोर हात लावू नका म्हणलीय."

"आगीतनं उतरलाय त्यो. त्याला आधी शांत करावं लागतंय. कोप झाला तं कुणाच्या दारात जायचं? तुमच्या पोरीच्या कॉलेजात?"

लोक हसले. शेजारची सुलाबाई, गुडघे धरून ओट्यावर बसलेली, तीही हसली. "कस्तुरे, दे की गं. तुझ्या तुरीत देव पडला आन् तू त्याला लोणच्यावानी बांधून ठिवलास."

कस्तुराबाईने मुंजाजीकडे पाहिले. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. तिने सुतळी सोडली.

अप्पांना मी दोष देत नाही. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि आधी कपाळाला लावले. पारावर पाट मांडून मला बसवले गेले. तीन काठ्यांच्या तिकाटण्याला तांब्याची गळती टांगली, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेला लोटा. त्यातून माझ्या डोक्यावर नळाचे पाणी थेंब थेंब पडू लागले. सकाळी दूध, दही, मध, साखर. मग पुन्हा पाणी. अकरा दिवस असे चालायचे होते. आणि देवाच्या अंगावरून आलेले पाणी कोणाच्या पायाखाली जाऊ नये, अशी त्यांची रीत. म्हणून ते मोरीत सोडले नाही. पाटाखालून एक पन्हाळ काढून ते एका टिपाडात, म्हणजे मोठ्या पिंपात, साठवत ठेवले.

मला अनेक भेगा आहेत. प्रत्येक भेगेतून ते गोड, आंबूस पाणी आत उतरत गेले. जिथे अनादी काळापासून कोणी शिरले नव्हते तिथे दह्यातले जीव शिरले, हातांवरचे शिरले, आणखी कुठले कुठले शिरले. मी ओरडू शकलो नाही.

रविवारी शिवकन्या आली. पारापाशी येताच तिने हातातली पिशवी खाली टाकली.

"काय केलंस गं माय हे?"

"लोकं ऐकनात, बाई."

"पृथ्वीबाहेर जीव हाय का न्हाई, ह्याचं उत्तर ह्या दगडात असंल, ही एक आशा होती. आत जंतू असतील, नसतीलबी. आता काय घावलं तरी ते वरचं का दह्यातलं, कोण सांगणार?" ती अप्पांकडे वळली. "आता तरी द्या, अप्पा. आतला गाभा कोरडा असंल अजून."

"अकरा दिवस पुरे होऊ दे, पोरी. अर्ध्यात उठवत न्हाईत." अप्पा मायेनेच बोलले. ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

अकराव्या दिवशी टिपाडाचे झाकण काढले. तीर्थ वाटायचा मान कस्तुराबाईचा, कारण मी तिच्या शेतात पडलो होतो. नवे लुगडे नेसून ती पळी घेऊन उभी राहिली. सत्तरऐंशी माणसांनी हात पुढे केले. सुलाबाई काठी टेकत शेवटी आली.

"दे गं अजून एक पळी. आभाळातला देव, गुडघ्यापर्यंत पोचायला येळ लागतो त्याला."

"घे की, आक्का. तुला दोन घे." कस्तुराबाईने हसत तिच्या ओंजळीत दुसरी पळी ओतली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घराघरांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले. जीप भरभरून माणसे परभणीला नेली. बहुतेक वाचली. सुलाबाई तिसऱ्या दिवशी गेली.

मग वाडीला शिवकन्येचे शब्द आठवले. पुरते नाहीत, अर्धेच. "तिची पोरगीच म्हणली की आत जंतू हायेत म्हणून. ठावं होतं ह्यांना. तरी पाजलं." अप्पा अंथरुणावर होते, ते काही बोलले नाहीत. बरे झाल्यावरही बोलले नाहीत. मला गोणपाटात गुंडाळून मुंजाजीच्या दारात टाकले गेले. "तुमची पीडा तुमच्यापाशी ठिवा," असे कोणीतरी म्हणाले.

तिकडे तूर वाळली होती. दर वर्षी वाडीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या शेतात कामाला जात. त्या वर्षी कस्तुराबाईच्या शेतात कोणी आले नाही. तडकलेल्या शेंगांतून दाणे भेगाळलेल्या काळ्या मातीत गळून पडत राहिले. नळावर ती गेली की बाकीच्या घागरी मागे सरत. सुलाबाईच्या सुनेने ओट्यापुढे काट्यांचे कुंपण घातले. मी दारात पडून हे सगळे बघत होतो. माझ्या मनात सारखे येई, की खरेच मी तर काही आणले नसेल? मला शपथ घेता येत नव्हती.

शिवकन्या आली आणि मला उचलून घेऊन गेली. आता तिला आभाळातल्या जिवाचे काही नव्हते. तिला तिची माय सोडवायची होती. तिच्या सरांनी मला फोडले आणि माझ्या भेगांतले जंतू वाढवून पाहिले. टिपाडाच्या तळाचे पाणी तपासले, वाडीच्या टाकीचे पाणी तपासले. महिन्याने कागद तयार झाला. शिवकन्येने तो पारावर उभे राहून वाचला. मी तिच्या पिशवीत होतो.

"दगडात जे जंतू घावले ते समदे हितलेच हायेत. आजारी पाडणारे तर टाकीच्या पाण्यात हायेत तेच. टाकीचा पाइप नालीखालून आलाय, आन् फुटलाय. थोडेच होते, म्हणून रोज जाणवलं न्हाई. टिपाडात त्यांना अकरा दिवस दूध आन् साखर घावली, आन् त्यांचे कोटी झाले. आभाळातून काय आलंय अशी खूण न्हाई. माझ्या मायनं कुठली बी पीडा आणली न्हाई."

मग अप्पांनी खालच्या आवाजात विचारले, "म्हंजे आपल्याच पाण्यानं?"

"व्हय, अप्पा. आपल्याच."

कोणी चूक झाली म्हणाले नाही. एकेक जण उठला आणि घरी गेला. अप्पा सगळ्यांत शेवटी उठले. गळ्यातले लिंग मुठीत धरून तेही गेले.

शिवकन्येने हसून आईकडे पाहिले. तिला वाटले, सुटली माय.

कस्तुराबाई पाराच्या पायरीवर बसून होती. ती म्हणाली, "दगडानं न्हाई केलं."

"न्हाई गं, माय."

"मंग दुसरी पळी मीच पाजली की तिला."

शिवकन्येने तो कागद घडी घालून पिशवीत, माझ्या अंगावर ठेवला.

पाइप पुढे बदलला. बायका पुन्हा कस्तुराबाईच्या शेतात येऊ लागल्या. पण ती कोणाच्या हातावर पाणी घालत नाही. घरी पाहुणा आला तर तांब्या खाली ठेवते आणि बाजूला होते. एकदा ती मला बघायला इथे आली होती. शिवकन्येने बरणी टेबलावर ठेवली. कस्तुराबाईने हात पुढे केला, काचेपाशी थांबवला आणि मागे घेतला. "न्हाऊ घातलं तुला, ते चुकलं रे," एवढेच म्हणाली.

मित्रांनो, आभाळातून येणारे दगड पृथ्वीवर रोगराई आणतील का, याची तुम्हाला भीती वाटते. वाटू द्या. पण माझ्याबाबतीत काय घडले तेही ध्यानात ठेवा. माझ्या गाभ्यात कोणी निजलेले असेलच, तर त्याने आमच्या गोलाचे फुटणे सोसले, न संपणारी थंडी सोसली, आगीतून उतरणेही सोसले. पाटावरचे ते अकरा दिवस त्याला सोसले असतील का, मला ठाऊक नाही. कदाचित तिथे कोणी नव्हतेच. मला आता कोणी विचारणार नाही, आणि विचारले तरी सांगता येणार नाही.

माझे भाऊबंद अजून वाटेत आहेत. त्यांपैकी एखादा तुमच्या शिवारात पडला, तर त्याला पुसू नका, धुऊ नका, पुजू नका आणि शिव्याही देऊ नका. कोऱ्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि जाणत्या माणसाची वाट पाहा. लोक हसतील. हसू द्या, पण सुतळी सोडू नका. आणि दगड पडण्याची वाट न पाहता, आजच, तुमच्या टाकीचा पाइप कुठून येतो ते एकदा जाऊन बघा.