माहेरची साठे, सासरची साठे

इथे जपानमध्ये, ओजिमाला, आमच्या समोरच्या दारात ऑर्ला राहते. मूळची आयर्लंडची, इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्या चार वर्षांच्या नीवला डांग्या खोकला झाला. औषधाचा कोर्स पुरा झाला, खोकला काही जाईना. इथे त्याला शंभर दिवसांचा खोकलाच म्हणतात, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. एकेचाळिसावा दिवस होता. पोर खायची आणि खोकून खोकून सगळं ओकायची. हात काडीसारखे झाले होते.

त्या दुपारी ऑर्ला दारात आली.

"सुलेखासान, तुमचं लग्नाआधीचं आडनाव काय?"

"साठे."

"आणि आता?"

"साठेच."

ती चपलांच्या कपाटावर मटकन बसली. तिच्या गावात म्हणे, जिचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, तिच्या हातचं ब्रेड-बटर खाल्लं की हा खोकला जातो.

"अशा बाईसाठी लोक डोंगर ओलांडून जायचे. आणि तुम्ही समोर!"

"पुण्यात अशा ढिगाने मिळतील," विनय आतून म्हणाला. "हिच्या हातचं तेवीस वर्षं खातोय, माझी साधी सर्दी गेली नाही."

"तू पथ्य पाळत नाहीस," म्हणत मी कणीक भिजवली.

पोळी तव्यावर टाकली आणि आठवलं. आडनाव राहिलं होतं, पण लग्नात नाव बदललं होतं. तांदळात अंगठीने लिहून जयंतीची सुलेखा झाले होते. ऑर्लाला सांगितलं.

"पहिलं नाव? ते कोण बदलतं?"

"आम्ही."

तिने गावी मावशीला फोन लावला. मावशीने इतका विचार केला की पोळी करपली. शेवटी निकाल आला : साठे म्हणून जी जन्मली, तिनेच द्यायचं. तिला हाक मारून मागा.

ऑर्ला बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि ओरडली, "जयंती!"

आई गेल्यापासून ते नाव कुणी घेतलं नव्हतं. "ओ" म्हणायला मला जरा वेळ लागला.  विनयने गॅस बारीक केला.

नव्या पोळीला बटर लावून समोर ऑर्लाकडे नेली, नीवला भरवली आणि आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी ती खोकली. विसाव्या मिनिटाला पुन्हा, चांगली निळी होईस्तोवर. ऑर्लाने बादली पुढे धरली.

बादली कोरडीच राहिली.

"मोत्तो," नीव म्हणाली. अजून हवी होती.

मी कणीक घ्यायला घरी पळाले.